हरित इमारतीचा खर्च कोणाच्या माथी?

मुंबईत पुनर्विकासाची बैठक बसली की पडद्यावर चित्रं येतात: गच्चीवर सोलर पॅनेल, तळघरात सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी, भिंतींना एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे), जिन्यात आपोआप विझणारे दिवे. यातली प्रत्येक गोष्ट कामाची आहे. पण वीज किती वाचेल, पाणी किती वाचेल एवढं सांगून विकासकाचा माणूस खाली बसतो. पुढची चाळीस वर्षं ती यंत्रं चालवण्याचा पैसा कोणाच्या खिशातून जाणार, मैल्याची टाकी कोण साफ करणार, ब्लॉक कापताना उडणारी धूळ कोणाच्या छातीत जाणार, हे पडद्यावर येत नाही. इमारत हरित आहे की नाही हे ठरवताना या गोष्टी वीज-पाण्याच्या बरोबरीने मोजायला हव्यात असं आम्हाला ठामपणे वाटतं. आणि त्या मोजता येतात.

हिशेबासाठी एक इमारत धरू. एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतला २२ मजल्यांचा रिहॅब टॉवर (मूळ रहिवाशांच्या घरांची इमारत), मजल्यावर १० घरं, एकूण २२०. घर ३०० चौरस फूट कार्पेटचं. १९९५ मध्ये योजना आली तेव्हा ते २२५ होतं, मग २६९ झालं, आता ३०० आहे. घरटी माणसं ५. जुन्या सोसायटीचा पुनर्विकास असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

भिंत आणि खिडकी

उंच इमारती हल्ली ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओततात. साइटवर याला मायवान म्हणतात. विटा नाहीत, जाड गिलावा नाही. स्लॅब आणि भिंती एकदमच काँक्रीटच्या, साधारण १५० ते १६० मिलिमीटर जाडीच्या. काम झपाट्याने होतं, गळतीचे सांधे कमी राहतात. दोष आहे तो उष्णतेचा. भिंतीतून उष्णता किती सहज आत येते हे यू-व्हॅल्यू या आकड्यावरून कळतं. आकडा जितका मोठा तितकं घर जास्त तापतं. अशा काँक्रीट भिंतीचा आकडा ३.५ च्या आसपास येतो. २०० मिमी एएसी ब्लॉक आणि दोन्ही बाजूंनी गिलावा असेल तर तो ०.८ च्या जवळ राहतो. पश्चिमेची १० चौरस मीटर भिंत धरा आणि आत-बाहेर १० अंशांचा फरक धरा. काँक्रीटमधून सुमारे ३५० वॉट उष्णता घरात येते, ब्लॉकमधून ८० वॉट. शिवाय काँक्रीट दिवसभर तापून ती उष्णता संध्याकाळनंतर सोडतं, म्हणजे नेमकं घरातले सगळे झोपायला आलेले असतात तेव्हा.

मग सगळीकडे एएसीच का वापरू नये? इथे खरा पेच आहे आणि तो नैतिक आहे. मायवानमुळे इमारत लवकर उभी राहते, म्हणजे संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या खोलीत अडकलेली कुटुंबं लवकर परततात. भाडं थकवणाऱ्या विकासकांचा अनुभव घेतलेल्या माणसाला वर्षभर आधी मिळणारं घर लाखमोलाचं असतं. त्याबदल्यात त्याची पुढची पिढी तापलेल्या भिंतींत राहते. आमचा कल मधल्या वाटेकडे आहे: सांगाडा आणि आतल्या भिंती साच्यात ओता, पण पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती शक्य तिथे ब्लॉकच्या ठेवा. ते आराखड्यात बसत नसेल तर बाहेरून फिका, ऊन परतवणारा रंग आणि खिडकीवर किमान दोन फुटांचा छज्जा मागा. छज्जा दुपारचं उंचावरचं ऊन अडवतो. पश्चिमेचं उतरतं ऊन त्याला अडवता येत नाही, तिथे खिडकीच्या बाजूने उभी पट्टी किंवा बाहेरून जाळी लागते.

एएसीचे स्वतःचे त्रासही आहेत. ब्लॉक कारखान्यातून येतो तेव्हा त्यात बरीच ओल असते. तो साइटवर पावसात उघडा पडला आणि तसाच रचला, तर नंतर सुकताना आकसतो आणि भिंतीला तडे जातात. म्हणून ब्लॉक जमिनीपासून उचलून ताडपत्रीखाली ठेवायचे, विटेसारखे पाण्यात बुडवायचे नाहीत, सांध्याला ३ मिमीचं पातळ तयार मॉर्टर वापरायचं. तुळई-खांबाला जिथे ब्लॉक मिळतो तिथे गिलाव्याआधी दोन्ही बाजूंना किमान १०० मिमी जाईल अशी जाळी ठोकायची, आणि तुळईखालची फट भिंत काही दिवस बसल्यानंतरच भरायची. मुंबईत पावसाळ्याआधी रंग उरकायच्या घाईत जाळी आणि फट या दोन्ही गोष्टी गाळल्या जातात. पहिल्या पावसातच पोपडे येतात.

याहून मोठी अडचण राहणाऱ्यांची. ३०० फुटांच्या घरात सगळं भिंतीवर टांगलेलं असतं: भांड्यांची मांडणी, देव्हारा, टीव्ही, कपड्यांचं कपाट, वर माळा. एएसीत साधा खिळा टिकत नाही, जड रॅक उपटून येतो. लांब नायलॉन प्लग किंवा रासायनिक अँकर लागतात आणि माळ्यासाठी भिंतीत काँक्रीटची आडवी पट्टी आधीच सोडावी लागते. ती कुठे हवी हे स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारूनच ठरवता येतं. आराखडा पास होण्याआधी ही चर्चा झाली तर पट्टीचा खर्च किरकोळ असतो, नंतर ती घालता येत नाही.

आता खिडकी. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी इको निवास संहिता आणली. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत कार्पेट क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, इतकी जागा बाहेरच्या हवेकडे प्रत्यक्ष उघडणारी हवी, असं ती सांगते. ३०० चौरस फुटांना ५० चौरस फूट. आता रिहॅबमधलं नेहमीचं घर मोजू. हॉलची खिडकी ५ बाय ४, आतल्या खोलीची ४ बाय ४, मिळून ३६ चौरस फूट. पण दोन झडपांची सरकती खिडकी कधीच निम्म्याहून जास्त उघडत नाही. उरले १८. संडास-बाथरूमचा २ बाय २ चा झरोका धरला तरी २२. हव्या त्या जागेच्या निम्मीसुद्धा नाही. तीन झडपांची खिडकी दोन तृतीयांश उघडते, तिने हा आकडा २८ होतो. बिजागरीची खिडकी ९० टक्के उघडते, तिने ३६. म्हणजे खिडकीचा आकार न बदलता नुसता प्रकार बदलला तरी हवा कितीतरी वाढते. उंचावर वाऱ्याने झडप आपटते आणि बाहेरच्या ग्रिलला अडते म्हणून बिल्डर बिजागरी टाळतात. अडचण खरी आहे, पण अडकवणी आणि आत उघडणारी झडप यांनी ती सुटते.

खिडकीबाहेर काय आहे, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. दोन सात मजली इमारती ३ मीटर अंतरावर असतील तर तळमजल्याच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून जवळपास सरळ वर पाहिल्याशिवाय आकाश दिसत नाही. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये अशीच अंतरं आहेत. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईबरोबर केलेला अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. त्यात अशा दाटीच्या पुनर्वसन वसाहतींमध्ये क्षयरोगाचं प्रमाण जास्त असल्याचं आणि त्याचा संबंध उजेड-वाऱ्याच्या अभावाशी असल्याचं दिसलं. क्षयाचे जंतू हवेत तरंगत राहतात. हवा बदलली तर विरळ होतात, सूर्यप्रकाशात मरतात. बंद पॅसेजच्या दोन्ही बाजूंना घरं असतील तर आरपार वारा मिळतच नाही, आणि सेफ्टी डोअरच्या जाळीतून पॅसेजची शिळी हवा आत येते. पॅसेजची दोन्ही टोकं उघडी ठेवली तर निम्मा प्रश्न सुटतो. जुन्या चाळींत खोल्या लहान होत्या, संडास सामाईक होते, पण उघडी गॅलरी वारा आणि शेजार दोन्ही देत होती. उजेड-वारा नसलेली इमारत नुसते एलईडी दिवे लावून हरित ठरवणं आम्हाला मान्य नाही.

वर चढणारं पाणी आणि खाली येणारा पैसा

एसआरए योजनेत विकासकाला देखभालीसाठी घरटी ठरावीक रक्कम ठेवावी लागते. बरीच वर्षं ती ४०,००० रुपये धरली गेली. आपल्या योजनेची रक्कम एलओआयमध्ये, म्हणजे एसआरएच्या इरादापत्रात, लिहिलेली असते, ती तिथे पाहा. २२० घरांचे ८८ लाख होतात. ६ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ५ लाख २८ हजार, महिन्याला ४४,०००. घरटी २०० रुपये.

आता नुसतं पाणी वर चढवू. ११०० माणसं, माणशी १३५ लिटर, रोज सुमारे दीड लाख लिटर. तळटाकीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत ७५ मीटर. पंप आणि मोटर मिळून ५५ टक्के कार्यक्षम असतील तर रोज ५५ युनिट जळतात. युनिटमागे १० रुपये धरले तर महिन्याला साडेसोळा हजार. व्याजातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसा पाण्यातच गेला. लिफ्ट, तिचा वार्षिक देखभाल करार, आगीचा पंप, वॉचमन, सफाई अजून बाकी आहे. हे भागलं नाही की दोनपैकी एक लिफ्ट बंद ठेवतात, पाणी तासावर येतं, आगीच्या पंपाची चाचणी लांबते. सतराव्या मजल्यावरच्या म्हातारीचं खाली उतरणंच थांबतं.

सोलर इथे खरोखर उपयोगी पडतं. एक किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर मोकळी गच्ची लागते आणि वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिट मिळतात. लिफ्टरूम, टाक्या, सावली वगळून गच्चीवर २०० चौरस मीटर उरले तर २० किलोवॉट, म्हणजे रोज ८० युनिट. घरांत वाटायला गेलं तर प्रत्येकाला अर्धं युनिटसुद्धा येत नाही, पण सामाईक मीटरला जोडलं तर पाण्याचा पंप निघतो आणि वर थोडं उरतं. पावसाळ्यात उत्पादन बरंच उतरतं, हे धरून चाला. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, २० किलोवॉटला ३ लाख ६० हजार. उरलेला खर्च विकासकाने करावा, आणि तो तोंडी न ठेवता करारात यावा. किती किलोवॉट, कोणत्या मीटरवर आणि कोणत्या इमारतीच्या गच्चीवर हे तिन्ही त्यात लिहून घ्या. पॅनेल सेल इमारतीच्या (विकायच्या घरांच्या) गच्चीवर आणि वीजही तिच्याच मीटरवर, असं होऊ नये. पॅनेल आठ-नऊ फूट उंच सांगाड्यावर बसवली तर खाली पापड-कपडे वाळतात, बैठका होतात. पण उंच सांगाड्याला वारा जास्त लागतो. मुंबईसाठी भारतीय मानकात सेकंदाला ४४ मीटर वाऱ्याचा वेग धरला आहे, त्याप्रमाणे गणित केलेलं स्ट्रक्चरल इंजिनियरचं पत्र मागा. आणि बोल्ट थेट स्लॅबमध्ये ठोकू देऊ नका, वॉटरप्रूफिंग तिथूनच फुटतं.

बांधणाऱ्यांची बाजू

एएसी ब्लॉकमध्ये सिलिका असते. कोरडा ब्लॉक ग्राइंडरने कापला की तिची बारीक धूळ उडते आणि नाकावर बांधलेल्या रुमालातून आरपार जाते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर इलाज नाही. उपाय स्वस्त आहे: ब्लॉक हातकरवतीने कापायचा, ग्राइंडर लागलाच तर पाणी मारत, आणि तोंडावर नीट बसणारा एन-९५ मास्क. बांधकामाच्या खर्चातून कामगार कल्याण मंडळासाठी एक टक्का उपकर घेतला जातो, पण त्याचा लाभ मिळायला कामगाराची नोंदणी लागते आणि नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला. नाक्यावरून आलेल्या बिगाऱ्याला तो द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतो. सोसायटीने कामाच्या करारात दाखल्याची अट घातली तर तो मिळतो. पाडकामाच्या राडारोड्याचंही तसंच. ठेकेदाराने प्रक्रिया केंद्राची पावती आणून दाखवल्याशिवाय त्याचं बिल देऊ नका, नाहीतर राडारोडा रात्री खाडीकाठी पडतो आणि तिवरांबरोबर तिथल्या कोळ्यांची मासेमारीही जाते.

एसटीपी

वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाच्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्यासोबत एसटीपी येतो. आपल्या टॉवरमधून रोज सुमारे १ लाख २० हजार लिटर सांडपाणी निघेल. फ्लशला माणशी ४५ लिटर धरले तर लागतात जेमतेम ५० हजार. म्हणजे शुद्ध केलेलं निम्म्याहून जास्त पाणी बाग, गाडी धुणं असं काही नसेल तर गटारातच जातं. लहान प्लांटला हजार लिटरमागे साधारण एक युनिट लागतं, रोज १२० युनिट, महिन्याला ३६,००० रुपये. वरचे पंपाचे साडेसोळा हजार मिळवा: ५२,५०० झाले, आणि व्याज होतं ४४,०००. लिफ्टसाठी एक पैसा उरत नाही. म्हणून रिहॅब इमारतीवर वेगळा एसटीपी लादणं आम्हाला अन्यायाचं वाटतं. रिहॅब आणि सेल दोन्ही इमारतींना मिळून एक प्लांट, आणि खर्च घरांच्या संख्येवर न वाटता क्षेत्रफळावर वाटलेला, अशी मागणी एलओआय येण्याआधीच लावून धरा.

पैसा संपला की काय होतं ते पायरीपायरीने असं. मैला खाणाऱ्या जिवाणूंना हवा लागते, ती ब्लोअर देतो. वीजबिल वाचवायला कमिटी रात्री ब्लोअर बंद करते. काही तासांत हवेवर जगणारे जिवाणू मरू लागतात, टाकी सडते, फ्लशला पिवळं वासाचं पाणी येतं. तक्रारी वाढतात, प्लांट पूर्ण बंद होतो, पण टाक्या भरलेल्याच राहतात. तळाचा गाळ घट्ट होतो, पंप तुंबतो, आणि मग कुणीतरी ओळखीतून दोन माणसं बोलावतं.

सडलेल्या गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने टाकीत आणि तळघरात बसून राहतो. गाळ ढवळला की एकदम सुटतो. दहा लाखांत १०० भाग झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, म्हणून वास थांबला म्हणजे वायू गेला हा समज जीवघेणा आहे. ७०० च्या पुढे एकदोन श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. कापडाचा किंवा एन-९५ मास्क वायू अडवत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका खासगी सोसायटीत टाकी साफ करताना तीन कामगार गेले. त्यांच्या पत्नींच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्रत्येकी १० लाख देण्याचा आदेश दिला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई किमान ३० लाख केली. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे, पहिल्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काम देणारी म्हणून सोसायटीही त्यातून सुटत नाही.

माणूस उतरावाच लागणार नाही अशी टाकी बांधता येते, आणि याची वेळ आराखड्याचीच आहे. तळ सपाट नको, उतरता हवा, म्हणजे गाळ एका कोपऱ्यात जमून पाइपाने बाहेर निघतो. गाळाचे पंप मार्गदर्शक दांड्यावर बसवा, साखळीने वर ओढून दुरुस्त होतात. प्रत्येक कप्प्यावर ३ बाय ३ फुटांचं झाकण, तळघरात सतत चालणारा एक्झॉस्ट आणि हायड्रोजन सल्फाइडचा अलार्म. एक गोष्ट बहुतेक ठिकाणी विसरली जाते: सक्शनची गाडी तळघराच्या रॅम्पवरून आत जात नाही, छत ठेंगणं पडतं. त्यासाठी टाकीच्या तळापासून रस्त्याच्या पातळीपर्यंत १०० मिमीचा कायम पाइप आणि वर जोडणी ठेवा. गाडी साधारण सहा-सात मीटर खोलीपर्यंतच ओढू शकते, म्हणून प्लांट दुसऱ्या तळघरात नको, शक्य असेल तर जमिनीवर.

जुन्या प्लांटमध्ये आत जाण्यावाचून इलाज नसेल तर तो सोसायटीच्या ओळखीतल्या माणसाचं काम नाही. प्रशिक्षित एजन्सी, आधी टाकी रिकामी करून ब्लोअरने हवा भरणं, दोरी लावलेल्या गॅसमीटरने वर, मध्ये आणि तळाशी मोजणी, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर, हायड्रोजन सल्फाइड दहा लाखांत १० भागांच्या खाली. मग हवेचा पुरवठा असलेला मुखवटा, कमरपट्टा, वर तिपाई आणि दोरी धरून दोन माणसं. यातलं एक जरी नसेल तर काम थांबवायचं. सफाईमित्रांसाठीचा १४४२० हा हेल्पलाइन क्रमांक आणि अग्निशमन दलाचा १०१ हे दोन्ही झाकणाशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा. आत कुणी पडलाच तर मागे उडी घेऊ नका: ब्लोअर आत सोडा, दोरी बांधलेली असेल तर तिपाईवरून ओढा, आणि १०१ ला फोन करताना टाकीत माणूस वायूने पडला आहे असं स्पष्ट सांगा, म्हणजे जवान श्वसनयंत्र घेऊनच निघतील.